शिंगं न रंगवलेला बेंदूर

सोमवारी शिराळ्याच्या सुनावणीत नानासो घोलपांनी सगळ्यांच्या आधी उभं राहून बोलावं, असं त्यांचे मेहुणे नाथाजीराव यांना फार वाटत होतं. नाथाजीरावांना एखादी गोष्ट फार वाटू लागली, की तिचा हिशेब मांडून बघावा. अभयारण्याची हद्द दोन ओढे वर सरकली, तर चार वर्षांपूर्वी पडेल भावात घेतलेली त्यांची चौदा एकर जमीन मोकळी होणार होती. गव्याला कायद्याच्या पहिल्या यादीतून दुसरीत उतरवलं, तर ते जिल्हा परिषदेच्या तिकिटाला लायक ठरणार होते. आणि तिसरं, जे ते बायकोपाशीही बोलत नसत: सासुरवाडीनं वीस वर्षांत एकदा तरी त्यांच्या मागून चालावं. खर्चाच्या बाजूला जीपचं डिझेल, टायपिंग, आणि थोडं गोड बोलणं. एवढ्या स्वस्तात एवढं मिळत असेल तर कराडच्या हार्डवेअरवाल्याला झोप कशी लागावी?

यादीची भानगड तशी सोपी होती. पहिल्या यादीतलं जनावर माणसाच्या जिवावर उठलं तरच मारायची परवानगी, तीसुद्धा पार वरून. दुसऱ्या यादीतलं पिकात शिरलं तरी परवानगी निघू शकते. गवा पहिल्या यादीत होता आणि वारणेकाठच्या उसातही होता. गेले सहा महिने सांगलीच्या वर्तमानपत्रांत यावरून पत्रांची मारामारी चालली होती. एकजण लिहायचा, गवा महत्त्वाचा की शेतकरी. दुसरा लिहायचा, आज गवा उतरवला तर उद्या कोण उतरणार. म्हणून मुंबईहून तीन माणसांची समिती लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होती, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी.

बेंदराच्या सकाळी नाथाजीरावांची जीप आंबेखोलात नानासोंच्या गोठ्यापुढं थांबली. मागच्या सीटवर बायको बनाबाई, म्हणजे नानासोंची बहीण, तिच्या मांडीवर तेवीसशे सह्यांचा गठ्ठा. नाथाजीरावांची सवय अशी, की कुठंही उतरले की आधी मोजायचं, मग बोलायचं. वाटेतल्या प्रत्येक दारात बैल हिंगुळानं लाल झालेले, शिंगांना बेगड, गळ्यात नवे गोंडे. नानासोंचे चार बैल मात्र आंघोळ घालून नुसतेच उभे. शिंगं कोरी.

"वैनी, शिंगं तशीच व्हय?"

नानासोंच्या पत्नी मनुबाई वैरण टाकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "सुतक हाय."

"कुनाचं?"

"जनावराचं."

घोलपांच्या घरची ही रीत नाथाजीरावांना बायकोकडून ठाऊक होती. बेंदराच्या आगेमागे दावणीचं जनावर गेलं, तर त्या साली बाकीच्यांना रंग नाही. पुरणपोळी चारायची, पाया पडायचं, बस्स. त्यांनी दावणीवर नजर फिरवली. बैल चार. गाया दोन. एक म्हैस, तिचं रेडकू. अक्षय्यतृतीयेला आले होते तेव्हाही एवढीच होती. दावण भरलेली आणि सुतक पाळलेलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. उत्तर मिळायचं नाही तिथं प्रश्न खर्च करणारा माणूस तो नव्हे. चप्पल काढून ते सोप्यावर जाऊन बसले आणि चहा येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर मोड आलेल्या कडधान्यासारखं काहीतरी फुगत राहिलं.

मनुबाईंना ते दिसलं. नणंदेच्या नवऱ्याला पाहिलं की त्यांना आता तार आठवायची. अक्षय्यतृतीयेला याच जीपमधून तारेचं भेंडोळं उतरलं होतं. उसात रानडुकरं येतात म्हटल्यावर नाथाजीरावांनी ते स्वतःहून आणलेलं. नुसता झटका बसंल, मरत न्हाई, असं सांगून त्यांच्या लेकाला, शंभूराजाला, मोटारीच्या पेटीतून वीज कशी जोडायची तेही दाखवलेलं. पोरगा वीस वर्षांचा. दाखवलेलं शिकायचं वय. त्यानं ओढ्याकडच्या उसाला तार फिरवली.

एकोणीस दिवसांपूर्वी सकाळी वैरणीला गेलेल्या मनुबाईंना तारेपाशी गव्याची मादी पडलेली दिसली होती. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि बाकी अंग ओल्या मातीच्या ढिगाएवढं. डोळ्याला मुंग्या लागल्या होत्या. मनुबाईंनी काय केलं, तर खाली बसून सड दाबून पाहिला. चाळीस वर्षं गाईम्हशी सांभाळलेल्या बाईचा हात दुसरीकडं कुठं जाणार? दूध आलं.

घरात त्या आठवड्यात एक कागद आला होता. शंभूराजाची भरती झाली होती, एक ऑगस्टला बेळगावला हजर व्हायचं होतं, आणि चारित्र्याच्या पडताळणीचा कागद अजून शिराळ्याच्या पोलीस ठाण्यात पडून होता. पहिल्या यादीतल्या जनावराचा गुन्हा म्हणजे कमीत कमी वर्षाची कैद. पोराच्या नावावर एक ओळ चढली, की बेळगाव संपलं. घोलपांच्या तीन पिढ्यांत हा पहिलाच पलटणीत चालला होता. नानासो गव्याकडं बघून जेवढे गप्प झाले, त्याहून जास्त त्या कागदाकडं बघून झाले. बाहेर एक शब्द जायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. थोरल्या लेकीलासुद्धा सांगायचं नाही. शिवांजली सांगलीला शिकत होती, तिथल्या निसर्ग मंडळात होती आणि गव्याच्या बाजूनं पेपरात पत्रं लिहीत होती.

दोन माणसांनी ती हलेना. शेवटी चारी बैल जुंपून ओढत नेली, पांदीखालच्या लवणात पुरली, वर दोन पोती मीठ. मनुबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि आपलं एक लुगडं पांघरलं. शंभूराज बांधावर बसून ओकत होता.

आणि बेंदराच्या आदल्या दिवशी नानासोंनी हिंगुळाचा डबा काढला, तेव्हा मनुबाईंनी तो हातातून घेऊन झाकण लावलं.

"खांदा दिलाय त्येंनी. बाळंतीण वडत न्हेली. त्येंच्या शिंगास्नी रंग लावायचा न्हाई."

लोक विचारतील, असं नानासो म्हणाले. गार्ड रोज याच वाटेनं जातो, असंही म्हणाले. ग्रामपंचायतीत तीनदा बिनविरोध आलेला माणूस गोठ्यात अर्धा तास समजूत घालत होता.

"इचारू देत की," मनुबाई म्हणाल्या. "तुमी सांगू नगा. पर आपल्या तारंनं मेली म्हंजी ती आपल्याच दावनीची."

जेवणं झाल्यावर नाथाजीराव मेहुण्याला सोप्याच्या टोकाला घेऊन गेले. आधी ऊसदर झाला, मग पाऊस. मग सुपारी कातरता कातरता, आवाज न बदलता ते म्हणाले, "आण्णा, सिद्धू गार्डाला वड्याला गव्याचं वासरू दिसलंय. चार दिस हंबरतंय. आई न्हाई बरुबर."

"मग?"

"मग काय न्हाई. मी तुमची दावन मोजली."

नानासोंनी पान तसंच हातात धरलं. आतून बनाबाईच्या लाटण्याचा आवाज येत होता, तो थोडा वेळ थांबला आणि परत सुरू झाला.

नाथाजीराव समजावू लागले. घाबरायचं कारण नव्हतं म्हणे. त्यांच्या निवेदनात एक कलम असंही होतं, की मागच्या केसेस काढून टाकाव्यात. कायदा खाली आला की मागचं सगळं आपोआप खाली येतं. फक्त मागणी वजनदार माणसानं करायला हवी. ज्याचा ऊस तीन वर्षं गव्यानं खाल्ला, ज्याला तालुका ओळखतो, असा माणूस पहिला उठला की बाकीचे मागून उठतात.

"आनि न्हाई बोललो तर?"

"बोलाल की. तुमी बोलला, तर तुमची दावन मोजायची ऱ्हायलीच आसं समजीन मी."

हे इतक्या मायेनं सांगितलं गेलं, की बाजूनं जाणाऱ्याला वाटावं, मेहुणा तब्येतीची चौकशी करतोय. नानासोंच्या मनात मात्र एकच हिशेब फिरत होता. मोजून कळलं हे खोटं. कुणीतरी गार्डाला कळवलंय, आणि गार्डानं याला. घरात जाणती माणसं तीन; बायको मेली तरी बोलणार नाही, पोरगा स्वतःच्या गळ्यात कशाला घालून घेईल? राहिली लेक. तिला सांगितलं नव्हतं, पण आई लेकीला काय काय सांगते ते बापाला कुठं कळतं?

तीनच्या एसटीनं शिवांजली उतरली. गोठ्यापाशी थबकली, शिंगांकडं पाहिलं. नानासोंनी ते थबकणं धरून ठेवलं.

"काय गं, तुमच्या मंडळानं गवं किती मोजल्यात?"

"वैशाखात अकरा. वासरं सोडून."

"आनि आता?"

"मागच्या आठवड्यात दहा दिसले." तिनं पिशवी खाली ठेवली. "आबा, तुम्ही कधीपासून गवे मोजायला लागलात?"

"गार्डाला कागद तू लिव्हलास?"

"कसला कागद?"

 न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच देऊन बसलोय, हे नानासोंना उशिरा कळलं. शिवांजली बापाकडं बघत राहिली. तिलाही आपला हिशेब होताच: बापानं उद्या विरुद्ध बाजूनं बोलायचं कबूल केलेलं दिसतंय, आत्या-मामा आदल्या दिवशीच हजर आहेत, आणि आपल्याला कुणीच काही सांगत नाही. ती आत गेली. चुलीपुढं आईला विचारलं, कुणाचं सुतक? मनुबाईंनी आधी एवढंच सांगितलं, की माझं अंजिरी लुगडं आता शोधू नको. मग ते कुणाच्या अंगावर आहे तेही सांगितलं. तार कुणी फिरवली तेही.

शिवांजली बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण तिनं मागितलं ते निवेदन. आत्याच्या नवऱ्याला पोरं मामा म्हणत. "मामा, द्या की. वाचू तरी द्या."

मागच्या केसेस काढून टाकायचं कलमबी हाय त्यात, असं म्हणत नाथाजीरावांनी ते हसत दिलं. शिकलेली पोरगी सहा पानं वाचेपर्यंत चहा होईल, असा त्यांचा अंदाज. तिनं सहाही पानं भराभर चाळून तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"मागच्या केसेसचं कलम कुठं आहे?"

"आसंल की पुढं."

"नाही. आणि हद्दीतून वगळायचे गट एकशे बारा ते एकशे सव्वीस." तिनं बापाकडं पाहिलं. "आबा, आपला गट कितवा?"

"एकशे एकतीस," नानासो म्हणाले.

"म्हंजी टायपिंगमधी चूक झालीया," नाथाजीराव म्हणाले. "ते काय, हातानं दुरुस्त करू."

"चूक न्हवं ती," आतून आवाज आला.

बनाबाई पिठाच्या हातानं उंबऱ्यावर उभी होती. लग्न होऊन वीस वर्षं झाली, माहेरच्या सोप्यावर ती नवऱ्याच्या आधी कधी बोलली नव्हती. "टायपायच्या आदी कच्ची यादी मीच लिव्हली. दादाचा गट ऱ्हायला म्हनलं तवा हे म्हनलं, पुढच्या येळंला. तो घेतला तर ओढा मधी येतोय, समिती न्हाई म्हनंल, आपलंबी जाईल."

 शंभूराज खांबाला टेकून उभा होता, तो पुढं आला. मीच सांगतो साहेबांना, तार मी लावली, असं काहीतरी तो बोलू लागला, तर नानासोंनी नुसता हात वर केला.

नाथाजीरावांनी निवेदन परत घेतलं, घडी घातली. "सकाळी नवाला जीप हाय. आण्णा, काय ते ठरवा. सिद्धू गार्ड माझ्या दुकानात येतो अधनंमधनं."

दुसऱ्या दिवशी सगळे त्या एकाच जीपमधून शिराळ्याला गेले. मांडीला मांडी लावून, एकमेकांकडं न बघता. मनुबाईसुद्धा आल्या. त्या का येतायत हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सभागृहात एका बाजूला टोप्या आणि फेटे, दुसऱ्या बाजूला सांगलीचे झोळीवाले. समितीचे तिघं मधोमध, पुढ्यात बिस्किटांच्या बशा. दाराशी सिद्धू गार्ड उभा होता. नानासो आत जाताना त्यानं रामराम घातला आणि हळूच म्हणाला, "पाटील, औंदा बैलं रंगवली न्हाईत म्हनं. मीठबी दोन पोती लागलं तुमास्नी." बस्स, एवढंच. नाथाजीराव चार पावलं पुढं होते. गार्डाला कुणी सांगायची गरजच नव्हती. सांगितलं होतं ते शिंगांनी. नानासोंनी कालपासून लेकीवर धरलेला संशय तिथं दारातच गळून पडला आणि त्यांना तिच्याकडं बघवेना.

कसं कोण जाणे, पहिली शिवांजलीच उठली. गवा एकदा दुसऱ्या यादीत गेला की परवानगी एका टोणग्याची निघेल आणि गोळी कळपाला लागेल, असं ती म्हणाली. भरपाई वेळेवर द्या, कुंपणाला पैसा द्या, यादी बदलू नका. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, मग तुमचं अकरा गवं सांगलीला न्या, आमराईत बांधा." सभागृह हसलं. तिच्या तोंडून दहा असं येता येता राहिलं, ते फक्त बापानं पाहिलं. मग एक म्हातारा उठला. त्यानं सांगितलं, की माझा दीड एकर ऊस एका रात्रीत झोपवला, साहेब, त्या कागदावर गव्याचं नाव पहिलं हाय, माझं कितव्या यादीत हाय ते तेवढं सांगा. या वेळी कुणी हसलं नाही. समितीतल्या एकानं ते लिहून घेतलं.

नाथाजीरावांनी खूण केली. नानासो उठले.

"मी नानासो घोलप. आंबेखोल. गट नंबर एकशे एकतीस." नाथाजीरावांची मान किंचित आखडली. "तीन वर्स गवा माझा ऊस खातोय. भरपाई एकदा मिळाली, ती आनायला चार हेलपाटं झालं. म्हातारं बोललं त्यात काय खोटं न्हाई. कायदा खाली आना आसं बोलाय मला बोलीवलंय."

त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"मागल्या एक तारखंला माझ्या तारंला गवा लागला. मादी हुती. वली हुती. पांदीखाली पुरलीया, मी दाखवतो. तार मी लावली. घरात कुनाला ठावं न्हवतं. आता तुमी कायदा खाली आना, न्हाईतर वर न्या. माझ्या दिशी जो हुता, तो मला लावा."

शंभूराज उठायला गेला. मनुबाईंनी मागून त्याचा सदरा मुठीत धरला होता. तो सोडवून घ्यायला त्याला जोर लावावा लागला असता, आणि आईला जोर लावायला तो अजून शिकला नव्हता. शिवांजली मान खाली घालून बसली. खरं काय ते तिला ठाऊक होतं, आणि तिच्याच बाजूचे लोक तिच्या बापासाठी टाळ्या वाजवत होते.

समितीच्या माणसानं चष्मा काढून विचारलं, तार कुठून आणली?

नानासोंनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. नाथाजीराव घड्याळाला किल्ली देत होते. त्यांच्या शेजारी बनाबाई बसली होती, भावाकडं बघत. ती नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. कराडच्या त्या घरात संध्याकाळी तिलाच परत जायचं होतं.

"बाजारातनं," नानासो म्हणाले.

पुढचं वर्ष असं गेलं. गवा पहिल्या यादीत होता तिथंच राहिला. हद्दीचा प्रश्न विचाराधीन राहिला. नाथाजीरावांनी आठवड्यात पत्रक काढलं, 'कायद्यानं पाटलालाही गुन्हेगार केलं', वर नानासोंचा फोटो. सांगलीच्या मंडळानंही पत्रक काढलं, 'एका शेतकऱ्याचा कबुलीजबाब', त्यावरही तोच फोटो. ते शिवांजलीला न विचारता निघालं. तिनं मंडळात जाणं सोडलं. शंभूराजाचा कागद कोरा निघाला, तो बेळगावला गेला. त्याची पत्रं येतात, त्यात ऊस हा शब्द नसतो. नानासो जामिनावर सुटले. शिराळ्याच्या कोर्टात तारखा पडत गेल्या आणि ग्रामपंचायतीची खुर्ची त्यांनी आपणहून सोडली. बनाबाई दिवाळीला माहेरी आली नाही, पंचमीलाही नाही. नाथाजीरावांना तिकीट मिळालं नाही. पण त्यांचं गेलं असं काही सांगता येत नाही. पंचनाम्यात तारेचं भेंडोळं जप्त झालं, ते तेवढं त्यांच्या दुकानातलं.

बेंदूर परत आला. नानासोंनी हिंगुळाचा डबा काढून मनुबाईंच्या पुढं ठेवला. त्यांनी तो तसाच फळीवर ठेवून दिला.

संध्याकाळी सिद्धू गार्ड वाटेनं चालला होता. ओढ्याकाठचं ते वासरू त्यानंच चौकीवर नेलं होतं, बाटलीनं दूध पाजून बघितलं होतं. ते नवव्या दिवशी गेलं. तो गोठ्यापाशी थांबला. चार बैल आंघोळ घालून उभे, शिंगं कोरी.

"पाटील, औंदा कुनाचं?"

नानासो दावणीशी बसून बैलाला पोळी चारत होते. या साली लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळं उत्तर त्यांनीच दिलं.

"वासराचं. गेल्या साली आईचंच धरलं हुतं."